पगारे काकांच्या नेमणुका

भास्कर पगारे घराबाहेर पडताना चमचे मोजतात.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक मोठी फळी ठोकलेली आहे. फळीवर झारा, उलथणं, सांडशी, किसणी, दोन पळ्या आणि बारा चमचे अशा प्रत्येकाची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली आहे आणि प्रत्येक आकृतीवर एक खिळा. ज्याची जागा त्यानंच घ्यायची. एखादी आकृती मोकळी दिसली की घराला कुलूप लागत नाही. शांता काकू चपला घालून, पर्स खांद्याला लावून जिन्यात ताटकळतात आणि काका आत सिंकखाली डोकं घालून बसतात. "चाल ना आते," म्हणजे चला ना आता, असं काकू त्यांच्या बागलाणी बोलीत ओरडतात. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "लोकांचे नवरे गॅस बंद केला का बघतात. आमचे हे झाऱ्याची हजेरी घेतात."

याला कारण आहे. काकांनी चौतीस वर्षं ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून काम केलं. तिथे शिफ्ट संपली की हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही आणि माणूसही. काका निवृत्त झाले, पण ही सवय निवृत्त झाली नाही.

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत एकदा स्नेहभोजन होतं. जेवणं उरकली, आचाऱ्यानं भांडी टेम्पोत भरली आणि काका टेम्पोच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. सकाळी वाढायचे सहा डाव उतरले होते, आता पाच चढले होते. आचारी आधी हसला, मग चिडला, मग हात जोडू लागला. काका ढिम्म. शेवटी सगळी पातेली खाली उतरवली, तेव्हा उरलेल्या मठ्ठ्याच्या तळाशी सहावा डाव निघाला. "हा आत घेऊन उडाला असता तू," काका म्हणाले आणि बाजूला झाले. तो आचारी पुढच्या वर्षी आला तेव्हा स्वतःच मोजत होता.

काकांचं दुसरं वेड जरा मोठं आहे. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीशेजारी शाळेत असतो तसा भारताचा नकाशा टांगलेला आहे आणि त्यावर दीडेकशे टाचण्या टोचलेल्या आहेत. लढाऊ विमानं नोकरीतून बाद झाल्यावर कुठे गेली, त्याचा तो नकाशा. लाल टाचणी म्हणजे एखाद्या चौकात किंवा फाटकाशी चौथऱ्यावर उभं असलेलं विमान. हिरवी म्हणजे संग्रहालयात. पिवळी म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात, मुलांना उघडून दाखवायला. जी भंगारात गेली त्यांना टाचणी नाही. कुणी सहलीला जाऊन आलं की काका त्याला देवदर्शनाचं विचारत नाहीत. "चौकात कोण उभं होतं? शेपटीवर नंबर काय होता?" एवढंच विचारतात. लोकही आता ताजमहालाआधी चौकातल्या विमानाचा फोटो काढतात, नाहीतर परत आल्यावर काकांना तोंड कसं दाखवणार?

"नोकरी संपली, नेमणूक नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते विमानांनाही लावतात आणि माणसांनाही. आमच्याकडचे निवृत्त तहसीलदार दिवसभर गेटपाशी खुर्ची टाकून बसतात, म्हणून ते लाल टाचणी. माझे वडील, म्हणजे दादा, मराठीचे शिक्षक होते आणि मुलं त्यांच्याकडे व्याकरण विचारायला यायची, म्हणून ते पिवळी. बी विंगमधले एक गृहस्थ कधीच घराबाहेर पडत नाहीत. "ते हिरवी," काका म्हणतात. "तिकीट काढून बघावं लागतं."

काकांसारखेच विमानांचे आणखी सहा-सात वेडे रविवारी पाथर्डी फाट्यावरच्या एका टपरीवर जमतात. त्यांचे पुढारी डॉक्टर कुलथे. ते दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी कुठल्याही लढाऊ विमानाला आयुष्यात हात लावलेला नव्हता, पण जगातलं कुठलं विमान किती वेगानं जातं, कुठल्या युद्धात कुणी कुणाला पाडलं, हे सगळं त्यांना पाठ. दाढेला भूल चढेपर्यंत ते पेशंटला हेच ऐकवतात आणि पेशंटला मधे बोलता येत नाही. काकांना यातलं काही येत नाही. "मिराज समोर आलं तर तुमचं मिग काय करणार, सांगा ना पगारे," असं डॉक्टर डिवचतात. काका बशीतला चहा संपवतात आणि म्हणतात, "मी डावा पंख बसवायचो. पंख काही करत नाही, डॉक्टर. तो जागेवर राहतो. तेवढं बघणं माझं काम."

मिग-२१ जातीची सगळी विमानं कायमची निवृत्त झाली तो सोहळा टीव्हीवर दाखवत होते, तेव्हा डॉक्टरांनी ग्रुपवर पानभर मजकूर टाकला आणि पाचजणांनी रडणारे चेहरे. काका कारखान्यातला निळा शर्ट घालून टीव्हीसमोर उभे राहिले होते. पोटावरची दोन बटणं लागत नव्हती. शेवटचं विमान उतरलं, इंजिन बंद झालं, तसे ते खाली बसले आणि काकूंना म्हणाले, "टाचण्या आण गं अजून. आता एवढ्यांच्या नेमणुका निघतील."

इथवर वाचून काका तुम्हाला नुसते गमतीचे वाटले असतील, तर तो माझा दोष. मला त्यांचं दुसरंही सांगायचं आहे.

माझी नागपूरला बदली झाली तेव्हा आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. दादा इथेच राहणार म्हणाले. मी चार वर्षं नागपूरला होते, दोन-दोन महिन्यांनी यायचे आणि दोन दिवसांत परत जायचे. या चार वर्षांत रोज सकाळी सात वाजता पगारे काका वरच्या मजल्यावरून खाली आले. पलंगाच्या दांड्याला त्यांनी एक कार्ड बांधलं होतं. त्यावर गोळ्या, चष्मा, काठी, पाणी, औषधाची बाटली असे रकाने, आणि प्रत्येकापुढे रोज बरोबरची खूण. गॅसच्या कॉकला, गिझरच्या बटणाला आणि बाल्कनीच्या कडीला त्यांनी लाल फिती बांधल्या होत्या. विमान जमिनीवर उभं असताना त्याच्या नाजूक जागांना अशाच लाल फिती बांधतात आणि उडायच्या आधी त्या आठवणीनं काढतात. दादांसाठी त्या फितींचा अर्थ, पगारे आल्याशिवाय हात लावायचा नाही.

"पगारे, मी उडणार कधी?" दादा रोज विचारायचे.

"सर, आज तपासणी बाकी आहे. उद्या बघू."

हे दोघांचं रोज चालायचं. मला फोनवर ऐकू यायचं आणि मी नागपूरच्या ऑफिसात बसून हसायचे. माझ्या वडिलांची चार वर्षं या 'उद्या बघू'वर गेली, आणि ती मजेत गेली.

दादा झोपेतच गेले. सकाळी सात वाजता ते काकांनाच कळलं आणि त्यांनीच मला फोन केला. मी संध्याकाळी पोहोचले तेव्हा घरातल्या सगळ्या लाल फिती काढलेल्या होत्या. गॅसची, गिझरची, बाल्कनीची. नीट घडी घालून त्या कार्डाशेजारी ठेवल्या होत्या. मला रडू आलं ते त्या फिती बघूनच.

तेराव्यानंतर मी आभार मानायला वर गेले. काय बोलायचं ते जिन्यात जुळवूनही ठेवलं होतं. काकांनी ते मला बोलूच दिलं नाही. "अगं, मी कुठं काय? सगळी कॉलनी बघत होती," म्हणाले. कॉलनी मला चांगली माहीत आहे. जुळवलेलं वाक्य तसंच घेऊन मी खाली आले. पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन नाशिकला परत आले, तर हेच काका जिन्यात अडवून विचारायला लागले, "मग वैशाली, पुढची नेमणूक कुठं?" मी विषय बदलायचे आणि मला त्यांचा रागही यायचा.

आता त्या शाळेतल्या विमानाकडे येते.

दिंडोरी रोडला एका शाळेच्या मैदानात चौथऱ्यावर एक मिग उभं आहे. शेपटीवरचे शेवटचे दोन आकडे, चार आणि सात. काका नऊ वर्षं दर रविवारी स्कूटरवर बादली आणि फडकी घेऊन तिथे जातात, शिडी लावून विमान धुतात, नाकातली कबुतराची घरटी काढतात, जुन्या टूथब्रशनं पंखाच्या फटी घासतात. विमानाच्या पोटावर हात ठेवून "कसं शे? बरं शे ना?" असं विचारतात. मग टपरीवर येतात. "ते माझ्या हातचं विमान आहे," एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि त्यावर कुणी काही विचारायचं कारण नव्हतं.

गेल्या डिसेंबरात शाळेनं स्नेहसंमेलनात काकांचा सत्कार करायचं ठरवलं. मुख्याध्यापिका बच्छाव मॅडमनी फ्लेक्सही छापून घेतला. काकांचा फोटो आणि खाली 'आपल्या विमानाचे शिल्पकार, श्री. भास्कर पगारे'. काका खूश व्हायला हवे होते. पण ते टपरीवर येईनासे झाले, आणि काकू म्हणाल्या की गेल्या आठवड्यात दोनदा चमचे न मोजता घराबाहेर पडले. ते ऐकून मला खरोखर काळजी वाटली.

समारंभाच्या चार दिवस आधी डॉक्टर कुलथे माझ्याकडे आले. सत्काराचं चित्रीकरण करून ते सगळ्या विमानवेड्यांना पाठवायचं म्हणून डॉक्टर आदल्या दिवशी फोटो काढायला शाळेत गेले होते. विमानाच्या झाकणांच्या आतल्या बाजूला त्या विमानाचे आकडे ठोकलेले असतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून दात बघायचा तो लांब दांडीचा छोटा आरसा फटीतून आत घालून त्यांनी ते आकडे वाचले. तिथे सत्तेचाळीस नव्हतं. बावन्न होतं.

"रंगाऱ्यानं बाहेर चुकीचा नंबर टाकलाय, आणि काका तो बघूनच आपलं समजलेत," डॉक्टर म्हणाले. "चौकातल्या विमानांचं असं बऱ्याचदा होतं. हे काकांचं विमानच नाही हो. नऊ वर्षं बिचारे दुसऱ्याचंच धुतायत. मी नाही बोललो तर दुसरा कुणीतरी व्हिडिओ बघून बोलेल. ताई, तुम्ही सांगा. माझ्या तोंडून नको."

मलाही नकोच होतं. ज्या माणसानं माझ्या वडिलांना चार वर्षं सांभाळलं, त्याच्या हातातून मी ही एक गोष्ट काढून घ्यायची? पण व्यासपीठावर त्यांचं हसं झालेलं मला बघवलं नसतं. समारंभ शनिवारी होता. शुक्रवारी दुपारी मी शाळेत गेले. समारंभासाठी काका जादाची धुलाई करत होते. मी शिडीखाली उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

काकांचं फडकं थांबलं नाही.

"बावन्न," ते म्हणाले. "माहीत हाय मला. पहिल्या दिवसापास्नं."

मग ते खाली उतरले आणि माझा हात धरून मला डाव्या पंखाखाली घेऊन गेले. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची एक रांग दाखवली. प्रत्येक रिव्हेटच्या कडेला अगदी पुसट दाब होता. "उजव्या हातानं मारलं तर ही खूण या बाजूला येते. ही बघ, उलटी. सबंध पंखात उलटी. आमच्या शेडमध्ये डावखुरा एकच होता, यशवंत गावित, सुरगाण्याचा. दुसऱ्या शिफ्टला असायचा. हा त्याचा पंख."

"मग तुम्ही माझं, माझं का म्हणत होतात?"

"वॉचमन आत सोडेना. दुसऱ्याचं विमान धुवायला आलोय म्हटलं तर कोण सोडेल?" काका म्हणाले. "माझं म्हटलं तर लगेच फाटक उघडलं. पुढं मॅडमना तेच, तुमच्या डॉक्टरला तेच. आता फ्लेक्स लागला."

गावितांचे डोळे पाच-सहा वर्षांपूर्वी गेले. सुरगाण्याकडच्या गावात ते मुलीजवळ असतात. काका त्यांना अधूनमधून फोन करतात, जाता-येता तुझं विमान दिसलं, छान ठेवलंय म्हणून सांगतात.

"आणि तुमचं कुठं आहे?" मी विचारलं.

काका फडकं पिळत राहिले. "माझ्या हातची अकरा होती. सगळ्यांचा पत्ता काढला. सगळी भंगारात गेली, वैशाली. एवढ्या टाचण्या टोचल्या, त्यात माझी एक नाही." ते शिडीवर टाकून म्हणाले, "शनिवारी खरं सांगावंच लागेल. यशवंताच्या कामावर माझं नाव कसं लावून घेऊ? पण सांगितलं की मॅडम विचारतील, मग तुम्ही इथं कशाला येता? रविवार बंद होईल माझा."

राहुल, त्यांचा मुलगा, सहा वर्षं परदेशात आहे. त्याचा फोन रविवारी संध्याकाळी येतो. सकाळ काकांनी इथे काढलेली असते म्हणून संध्याकाळपर्यंतची वाट त्यांना जड जात नाही, हे मला त्या पंखाखाली पहिल्यांदा समजलं.

मी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर एरवी बोलतात फार, पण माणूस कामाचा. शनिवारी दवाखाना बंद ठेवून ते पहाटेच गाडी काढून सुरगाण्याला गेले आणि अकरापर्यंत गावितांना आणि त्यांच्या मुलीला घेऊन शाळेत हजर. मी तोवर बच्छाव मॅडमना सगळं सांगितलं होतं. त्यांनी आधी फ्लेक्सकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नवीन फ्लेक्स आता कुठून आणू?" शेवटी चित्रकलेच्या सरांनी नावावर कागद चिकटवला. त्यामुळे त्या दिवशी मंडपात फोटो भास्कर पगारेंचा होता आणि खाली नाव श्री. यशवंत गावित. काकांनी तो बघितला आणि म्हणाले, "आता बरोबर."

माइकवर काका एकच वाक्य बोलले. "जय भीम. हे विमान माझं नाही, ह्यांचं आहे." आणि नारळ, शाल, सगळं गावितांकडे सरकवून दिलं.

भाषणं संपल्यावर आम्ही गावितांना विमानापाशी नेलं. उंच, वाळलेला माणूस. काठी मुलीकडे देऊन त्यांनी डावा हात वर केला. पंखाच्या कडेवरून तो हात सावकाश फिरला, एका रांगेवर थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. डॉक्टरांनी चित्रीकरणासाठी धरलेला मोबाइल खाली घेतला.

"माझाच," गावित म्हणाले. मग बोटं एकमेकांवर चोळून बघितली. "धूळ नाय. शाळेनं लय नीट ठेवलाय."

"पोरं पुसतात शाळेची," काका म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. बच्छाव मॅडमनी मात्र बोलून घेतलं. "हो, पोरंच पुसतात. त्यांतलं एक जरा सत्तरीला आलंय. दर रविवारी येतं, आणि त्यानं येत राहावं असं शाळेचं म्हणणं आहे."

काका दुसरीकडे बघायला लागले. गावितांनी आधारासाठी हात पुढे केला, तो काकांच्या मनगटावर पडला. तिथेच तो थांबला.

"भास्कर, बाही वली हाय तुझी."

"घाम आहे."

"थंडीत?" गावित म्हणाले. "साबणाचा वास येतोय घामाला."

त्यांनी ती बाही सोडली नाही. दोन म्हातारे पंखाखाली तसेच उभे राहिले आणि आम्ही बाकीचे चहा प्यायला निघून आलो. आभार कसे मानायचे असतात ते मी त्या दिवशी बघितलं. माझं जिन्यात जुळवलेलं वाक्य अडलं ते एका अर्थी बरंच झालं.

पुढच्या रविवारी सकाळी काका बादली घेऊन खाली उतरले, तेव्हा मी चपला घालून दारात उभी होते. या वेळी त्यांनी नेमणुकीचं विचारलं नाही. शाळेत पोहोचल्यावर एक फडकं माझ्या हातात दिलं आणि उजव्या पंखाकडे बोट दाखवलं.

"हा कुणाच्या हातचा?" मी विचारलं.

"ते अजून नाही कळलं," काका म्हणाले. "तू नीट पूस."